किनाऱ्याचा परवाना आणि किनाऱ्याची राखण

२०२० सालच्या जानेवारीत, ११ आणि १२ या दोन दिवशी, केरळात कोचीजवळच्या मरडू येथे खाडीकाठी उभी असलेली चार उंच गृहसंकुले सुरुंग लावून पाडण्यात आली. देशभरच्या लोकांनी ते दृश्य घरबसल्या पाहिले. इमारती जागच्या जागी खाली बसल्या, धुळीचा लोट उठला आणि साडेतीनशेच्या घरात बिऱ्हाडे राहतील एवढी घरे काही क्षणांत नाहीशी झाली. सर्वोच्च न्यायालयाचा तसा हुकूम होता. किनाऱ्याच्या कायद्याचा भंग करून त्या इमारती बांधल्या गेल्या होत्या.

ते दृश्य पाहताना आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहिला असेल. या इमारती काही रातोरात चोरून उठवलेल्या नव्हत्या. त्यांच्यापाशी ग्रामपंचायतीचा बांधकामाचा परवाना होता. घरे घेणाऱ्यांनी रीतसर पैसे मोजले होते. मग परवाना असलेली इमारत बेकायदेशीर कशी ठरली? आणि बेकायदेशीर होती, तर ते ठरायला तेरा वर्षे का लागली?

या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो म्हणजे असे दिसते की किनारा राखण्याचा कायदा आपल्याकडे एका ठिकाणी होतो, परवाना दुसऱ्या ठिकाणी मिळतो आणि देखरेख तिसऱ्याच ठिकाणी असते. या तिघांची गाठ वेळेवर पडत नाही, म्हणून शेवटी सुरुंगाची पाळी येते. ही गाठ कशी सुटली आणि कोठे कोठे ती बांधता आली, याचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडणार आहोत.

किनारा कोणाचा, या प्रश्नाला आपल्या मुलखात जुने आणि सरळ उत्तर होते. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या ३७ व्या कलमाने भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा, बंदरांचा व खाड्यांचा तळ सरकारचा ठरवला. पुढे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या २० व्या कलमात तेच तत्त्व कायम राहिले. म्हणजे भरती जिथवर येते तिथवर सरकार, आणि त्याच्या वर ज्याच्या नावाचा सातबारा तो मालक. त्या वरच्या जमिनीत घर बांधायचे झाले तर ग्रामपंचायत, नगरपालिका आणि बिगरशेतीपुरती कलेक्टर कचेरी एवढ्यांशीच संबंध येई. समुद्राचा विचार करण्याचे कारण कोणालाच पडत नसे.

वस्तुतः समुद्र ही कागदावरची रेषा मानीत नाही. पावसाळ्यात तो पुळणीवरची वाळू ओढून नेतो आणि नंतर सावकाश परत आणून टाकतो, हे किनाऱ्यावरच्या पोरासोरांनाही ठाऊक असते. भरतीच्या रेषेवरचे वाळूचे उंचवटे, खाजणे आणि तिवरांची बने ही उधाणाचा जोर अंगावर घेतात. तिथे भराव घातला किंवा दगडी भिंत बांधली, की लाटांचा मारा शेजारच्या किनाऱ्यावर जाऊन पडतो. बांधणारा एक आणि भोगणारा दुसरा, असे होते. म्हणून भरतीच्या रेषेवरची जमीन खाजगी मालकीची असली, तरी तिच्या वापरावर सर्वांच्या हितासाठी काही बंधन हवे, हा विचार पुढे आला. आपल्या देशात तो सरकारी पातळीवर यायला १९८१ साल उजाडले.

त्या वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले आणि भरतीच्या कमाल रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा मोकळा ठेवावा, असे कळवले. परंतु पंतप्रधानांचे असले तरी ते पत्रच होते. पत्राने कोणाचे बांधकाम अडत नाही. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि त्या कायद्याच्या आधाराने १९ फेब्रुवारी १९९१ रोजी केंद्र सरकारने किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली. सी.आर.झेड. या तीन अक्षरांनी ती आज कोकणातल्या प्रत्येक गावात ओळखली जाते.

या अधिसूचनेने किनाऱ्याचे चार वर्ग पाडले. पहिल्या वर्गात तिवरांची बने, प्रवाळ, भरती-ओहोटीमधली जमीन अशी नाजूक ठिकाणे आली. दुसऱ्यात पाण्यापर्यंत आधीच बांधकाम झालेली शहरे, तिसऱ्यात बव्हंशी मोकळा असलेला ग्रामीण किनारा आणि चौथ्यात अंदमान-निकोबार, लक्षद्वीप यांसारखी बेटे. तिसऱ्या वर्गात भरतीच्या रेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करावयाचे नाही आणि २०० ते ५०० मीटरांत मर्यादित करावयाचे, असा दंडक घातला गेला. खाड्या आणि नद्यांच्या काठांनाही, जिथवर भरतीचे पाणी चढते तिथवर, अंतराचा नियम लागू झाला.

हेतू चांगला होता, परंतु सारी भिस्त एका नकाशावर होती. प्रत्येक राज्याने एका वर्षाच्या आत आपल्या किनाऱ्याचा आराखडा तयार करून कोणती जमीन कोणत्या वर्गात पडते हे ठरवून घ्यावे, अशी अपेक्षा होती. वर्ष उलटले, दोन उलटली, आराखडे आले नाहीत. नकाशाच नाही, तर अमुक सर्व्हे नंबर कोणत्या वर्गात येतो हे गावच्या ग्रामपंचायतीने ठरवावे कसे? शिवाय ग्रामपंचायत बांधकामाचा परवाना देते तो राज्याच्या कायद्याखाली. किनाऱ्याचा नियम केंद्राच्या कायद्याखाली. एकाच घरासाठी दोन दारे निर्माण झाली; पण पहिल्या दारावर बसलेल्या माणसाला दुसऱ्या दाराचा पत्ताही नीट दिलेला नव्हता. आमच्या मते पुढच्या साऱ्या अनर्थाचे मूळ येथे आहे.

मग प्रकरण न्यायालयात गेले. एका स्वयंसेवी संस्थेच्या जनहित याचिकेवर १८ एप्रिल १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. आराखडे वेळेवर न केल्याबद्दल न्यायालयाने राज्यांना खडसावले आणि ते सादर करण्यास मुदत घालून दिली. नदी-खाडीकाठचे अंतर १०० मीटरांवरून ५० मीटरांवर आणणारी १९९४ ची दुरुस्तीही न्यायालयाने रद्द केली. त्यानंतर त्याच वर्षी आराखड्यांना अटी घालून मंजुरी मिळाली आणि १९९८ मध्ये प्रत्येक किनारी राज्यासाठी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणे स्थापन झाली. कागदोपत्री आता सर्व काही होते: नियम होता, नकाशा होता आणि राखणारेही नेमले होते. मात्र हे प्राधिकरण म्हणजे राजधानीत ठराविक वेळाने भरणारी अधिकाऱ्यांची आणि तज्ज्ञांची बैठक. गावोगावच्या किनाऱ्यावर फिरणारा त्यांचा माणूस कोठे होता?

मरडूची कथा सुरू होते ती नेमकी या वेळी. २००६ साली मरडू ही ग्रामपंचायत होती आणि मंजूर आराखड्यात तिचा प्रदेश तिसऱ्या वर्गात होता. बांधकामाचा अर्ज आला म्हणजे पंचायतीने तो राज्याच्या किनारा प्राधिकरणाकडे पाठवावयाचा, असा नियम होता. पंचायतीने तो पाठवला नाही आणि परवाने देऊन टाकले. पुढच्याच वर्षी राज्य सरकारच्या लक्षात ही गोष्ट आली आणि त्याच्या सांगण्यावरून पंचायतीनेच आपण दिलेले परवाने का रद्द करू नयेत, अशा नोटिसा बांधणाऱ्यांना धाडल्या. याचा अर्थ असा की २००७ सालीच दोष उघड झाला होता. त्या वेळी काम थांबले असते तर एकाही कुटुंबाला घर सोडावे लागले नसते.

पण बांधणारे उच्च न्यायालयात गेले, त्यांना स्थगिती मिळाली आणि तिच्या आश्रयाने मजल्यावर मजले चढत गेले. २०१२ मध्ये एका न्यायमूर्तींनी आणि २०१५ मध्ये खंडपीठाने बांधणाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. स्थानिक संस्थेने नियम पाळला नाही, त्याचा ठपका परवाना घेणाऱ्यावर ठेवता येत नाही, असे खंडपीठाचे म्हणणे होते. वरवर पाहता हे न्यायाचे वाटते. परंतु त्यातून निघणारे तात्पर्य विचित्र आहे. पंचायतीने डोळे मिटले की कायदा संपला, असा त्याचा अर्थ होतो. राज्याच्या प्राधिकरणाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्या न्यायालयाने समिती नेमून जमिनीचा वर्ग तपासून घेतला आणि ८ मे २०१९ रोजी इमारती पाडण्याचा हुकूम दिला. प्राधिकरणाच्या संमतीवाचून दिलेल्या परवान्याला काही अर्थ नाही, असा त्या निकालाचा गाभा होता.

यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मरडूची २०१० साली नगरपालिका झाली होती आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये, म्हणजे निकालाच्या आधी दोनच महिने, मंजूर झालेल्या नव्या आराखड्यात तोच प्रदेश दुसऱ्या, म्हणजे शहरी वर्गात गेला. न्यायालयाने मात्र परवाना दिला त्या दिवशी जमीन कोणत्या वर्गात होती, हेच पाहिले. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. अन्यथा प्रत्येक जण आधी बांधील आणि वर्ग बदलण्याची वाट पाहत बसेल. तथापि घर गमावणाऱ्याला ही गोष्ट किती कडू लागली असेल, याची कल्पना करावी. प्रत्येक घरमालकाला तूर्त २५ लाख रुपये भरपाई राज्य सरकारने द्यावी आणि ती बांधणाऱ्यांकडून वसूल करावी, असे न्यायालयाने पुढे ठरवले. पंचायतीतल्या एका सहीची किंमत अशी अनेकांनी मोजली.

हा सारा दोष ग्रामपंचायतीच्या अडाणीपणावर ढकलून मोकळे होता येत नाही. आपल्या मुंबईत, कुलाब्याला, ३१ मजली आदर्श इमारत उभी राहिली. ती काही खेड्यात नव्हती. मंत्रालय, महानगरपालिका, जिल्हाधिकारी, सेनादलांची कार्यालये, सारी हाकेच्या अंतरावर. तरीही १९९१ च्या अधिसूचनेप्रमाणे आवश्यक ती मंजुरी घेतली गेली नव्हती, असे ठरवून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०११ मध्ये ती पाडण्याचा आदेश दिला. २९ एप्रिल २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही इमारत पाडण्यास सांगितले. त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने पाडकाम थांबवून इमारतीचा ताबा सेनादलाकडे दिला. येथे कागदांची उणीव नव्हती. एका कचेरीने दुसऱ्या कचेरीचा कागद पाहायचा आणि तिने तिसरीचा, अशा रीतीने प्रत्येकाने मूळ प्रश्न दुसऱ्याने तपासला असेल असे गृहीत धरले, की असा परिणाम होतो.

मग ही गाठ बांधता येतच नाही काय? इतरांनी काय केले, हे पाहिल्यास थोडा उजेड पडतो. त्यासाठी आपण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याकडे वळू. कारण राज्य सरकार आणि स्थानिक संस्था यांच्यात किनाऱ्याचा अधिकार कसा वाटावा, हाच प्रश्न तिथल्या लोकांनी आपल्याआधी वीस वर्षे हाताळला. त्या राज्याचा किनारा सुमारे १,१०० मैल लांब. १९६० नंतरच्या दशकात सोनोमा काउंटीत सी रँच नावाची मोठी वसाहत आखली गेली. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. त्या वसाहतीमुळे दहा मैलांचा किनारा सामान्य माणसाला बंद होणार होता आणि काउंटीची त्याला मान्यता होती. लोक चिडले, संघटित झाले आणि नोव्हेंबर १९७२ मध्ये थेट मतदानाने त्यांनी किनारा रक्षणाचा कायदा करून घेतला. १९७६ साली विधिमंडळाने त्याला कायमचे रूप दिले.

या कायद्याची रचना पाहण्यासारखी आहे. राज्याच्या किनारा आयोगावर मताचा अधिकार असलेले १२ सभासद असतात. त्यांतले सहा स्थानिक संस्थांत निवडून आलेले प्रतिनिधी आणि सहा सामान्य नागरिकांतून घेतलेले. नगराने किंवा काउंटीने आपल्या किनाऱ्याचा आराखडा व त्याचे नियम तयार करावे आणि आयोगाकडून तपासून घ्यावे. ते मंजूर झाले, की मगच किनाऱ्यावरच्या बांधकामाचे परवाने देण्याचा अधिकार त्या नगराकडे येतो. तोपर्यंत परवाना आयोग स्वतः देतो. काही नगरांचे आराखडे अजूनही मंजूर झालेले नाहीत आणि तिथे आयोगच परवाने देतो. ज्यांना अधिकार मिळाला, त्यांच्याही निर्णयावर पाण्यालगतच्या पट्ट्यापुरते आयोगाकडे अपील करता येते. थोडक्यात, आराखडा आधी आणि अधिकार नंतर. आपल्याकडे नेमके उलटे झाले. परवान्याचा अधिकार पंचायतीकडे पहिल्यापासून होता आणि आराखडा मागाहून, तोही न्यायालयाने कान धरल्यावर, आला.

कॅलिफोर्नियातही सगळे सुरळीत होते असे मात्र नव्हे. १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने परवान्यात घातलेली एक अट अवाजवी ठरवून आयोगाला मर्यादा घालून दिली. शिवाय दीर्घकाळ आयोगाच्या हातात दंडाचा अधिकार नव्हता. प्रत्येक दंडासाठी न्यायालयात जावे लागे आणि श्रीमंत घरमालक वर्षानुवर्षे सार्वजनिक वाट अडवून बसत. २०१४ साली कायद्यात सुधारणा झाली. लोकांची किनाऱ्याकडे जाणारी वाट अडवणाऱ्याला जाहीर सुनावणी घेऊन दिवसाच्या हिशेबाने दंड करण्याचा अधिकार आयोगाला मिळाला. २०१६ मध्ये मालिबू येथील एका घरासमोरची अशी वाट फाटक व जिना बांधून अडवल्याबद्दल ४१ लाख ८५ हजार डॉलरांचा दंड झाला आणि २०२१ मध्ये अपील न्यायालयाने तो उचलून धरला. त्याच वर्षी वाटेखेरीज इतर उल्लंघनांनाही हा अधिकार लागू करण्यात आला. दंड दर दिवशी वाढतो असे दिसले, म्हणजे खटला लांबवण्यात कोणाचे हित उरत नाही. मरडूत जे घडले त्याच्या हे अगदी उलट आहे. तिथे जितका उशीर होई, तितकी इमारत उंच होई.

आपल्या घरचेही एक उदाहरण आहे आणि ते सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. महाराष्ट्रात तिवरांची कत्तल सर्रास चालू असताना ६ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती तोडण्यास मनाई केली आणि तिवरांभोवती ५० मीटरांच्या आत बांधकाम करू नये असा आदेश दिला. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. केवळ मनाईवर न थांबता तिवरे कोठे आहेत याचे नकाशे करावयाचे, सरकारी जमिनीवरची तिवरे संरक्षित वन म्हणून जाहीर करावयाची आणि वन खात्याच्या ताब्यात द्यावयाची, असा मार्ग घालून दिला गेला. २०१२ साली वन खात्यात कांदळवन कक्ष निघाला. २०१८ च्या सप्टेंबरात उच्च न्यायालयाने अंतिम निकाल देऊन तिवरांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांवरचा घाला आहे, असे सांगितले. काम संपले असे कोणी म्हणणार नाही. तरी फरक स्पष्ट आहे. येथे जमिनीचा पत्ता ठरला, तिचा सांभाळ कोणी करायचा ते ठरले आणि तिच्यावरून चालत जाणारा रखवालदार नेमला गेला.

आज या प्रश्नाला नवी निकड आली आहे. १८ जानेवारी २०१९ च्या नव्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बंदीचा पट्टा २०० मीटरांवरून ५० मीटरांवर आणला. स्वतःच्या राहण्यासाठी ३०० चौरस मीटरांपर्यंतचे घर बांधणाऱ्याला प्राधिकरणाच्या शिफारशीवाचून स्थानिक संस्थेनेच मंजुरी द्यावी, अशीही सोय तीत आहे; नियमांची तपासणी मात्र त्या संस्थेने करावयाची. वडिलोपार्जित घराची पडवी वाढवण्यासाठी खेटे घालणाऱ्या कोळ्याला आणि भंडाऱ्याला हा दिलासा आहे, आणि तो मिळायलाच हवा होता. परंतु याचा अर्थ असाही की लेखणी पुन्हा ग्रामपंचायतीच्या हाती आली. राहत्या घराच्या नावाने उद्या पर्यटकांचा बंगला उठला, तर ते ओळखायचे कोणी? शिवाय २०२३ साली झालेल्या दुरुस्तीने पर्यावरण संरक्षण कायद्यातल्या अशा उल्लंघनांसाठीची तुरुंगवासाची शिक्षा गेली आणि तिच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड आला. तुरुंगाचा धाक क्वचितच खरा ठरे, हे कबूल. पण दंडाचा धाक राहायचा असेल, तर तो काम चालू असताना बसला पाहिजे, शेवटचा मजला चढल्यावर नव्हे.

म्हणून झाईपासून तेरेखोलपर्यंतच्या प्रत्येक किनारी गावात तीन गोष्टी असाव्यात, असे आम्हांला वाटते. मंजूर आराखडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, मराठीत आणि सर्व्हे नंबरांसह लावलेला असावा. किनाऱ्यालगतचा प्रत्येक अर्ज मंजुरीआधी ग्रामसभेत वाचला जावा. आणि बांधकामाचा पाया खणला जात असतानाच जोता तपासायला येणारा एक जबाबदार माणूस असावा, ज्याचे नाव गावाला ठाऊक आहे. यांतली कोणतीही गोष्ट खर्चाची नाही. आराखडा दाखवा, असे ग्रामसभेत उठून विचारायला तर काहीच खर्च येत नाही. २००६ साली मरडूत हा प्रश्न कोणी विचारला असता आणि त्याचे खरे उत्तर मिळाले असते, तर २०२० साली सुरुंगांची गरज पडली नसती.